बगळा ह्यांनी काढलेला नाही

४ फेब्रुवारी

वन्सं,

नाही हो, मला वेड लागलेलं नाही. आणि भिंतीवर चढून ते मी लिहिलेलंही नाही. या वयात मी स्टुलावर चढले तरी शेजारीण ओरडते. कमाल आहे तुमची! इतकी वर्षं एक अक्षर नाही. हे गेले त्याला वर्ष होत आलं, हे गेले तेव्हाही दोन ओळींचं पत्र पाठवलंत (समास मात्र चारी बाजूंनी एकसारखा, ते मी बघितलं). आणि आता कुणीतरी एक फोटो पाठवला तर लगेच चिठ्ठी. 'वहिनी, हे काय? वेड लागलंय का? ताबडतोब उतरवायला सांग.' बरं, मी फोन करावा तर तुम्ही उचलत नाही. म्हणजे तुम्ही विचारायचं आणि उत्तर द्यायला मी घरभर पेन शोधत फिरायचं. सापडलं पेन. आता नीट बसा आणि वाचा. नुसतं बघू नका.

बसवाल्यांनी नवीन स्टँड बांधला. बाक आहेत, पंखे आहेत, बस तेवढी वेळेवर नाही. तिथल्या मोठ्या भिंतीवर आपला बगळा लावायचं ठरलं. प्रत्येक बसवर, प्रत्येक तिकिटावर, कंडक्टरच्या खिशावर एका पायावर उभा असतो तोच. आणि त्याच्याखाली ह्यांच्या आठवणीचा मजकूर, स्टीलच्या अक्षरांत. 'बगळ्याचे जनक' असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, जनक कसले, ह्यांनी काय अंडं उबवलं होतं? कुणी हसलं नाही. त्या ऑफिसात हसायलाही मंजुरी लागत असणार.

काम दिलं एका डिझाईनवाल्याला. चांगला चाळिशीचा बाप्या आहे, पण चष्मा असा जाड की मी त्याला चष्मिष्टच म्हणते, तोंडावर. पहिल्याच दिवशी त्यानं काय करावं? बगळ्याच्या गुडघ्याजवळची खाच भरून टाकली! म्हणे, रेषा स्वच्छ केली. मी म्हटलं, "अरे बाबा, तो घाण नव्हता झाला. त्या खाचेमुळे तो थकल्यासारखा दिसतो. पाड परत." कुरकुरत पाडली.

मजकूर बसवाल्यांकडून यायचा होता, तो काही येईना. तिथे एक साहेब आहेत, त्यांना काहीही विचारा, 'मंजुरीत आहे' म्हणतात. मी त्यांचं नावच मंजुरीसाहेब ठेवलंय. चष्मिष्ट रडकुंडीला आला. मजकूर केवढा, ओळी किती, अक्षर किती मोठं, काही म्हणता काही ठरेना. मग कुणीतरी त्याला सांगितलं की ह्यांच्या स्टुडिओत रुमाल टाकायची पद्धत होती, आणि टाकणारी बाई अजून जिवंत आहे.

'रुमाल' हे नाव तुमचंच, वन्सं. पुस्तकाचा लेखक मजकूर वेळेवर देईना, पण पान तर मांडून बघायचं असायचं. मग जागा धरायला मला काहीबाही लिहायला बसवायचात. बसमध्ये सीटवर रुमाल टाकतात तसं. खरा मजकूर आला की रुमाल उचलायचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली भावजय, घरात बसलेलीच आहे, लिहील काहीही! लिहिलं की मी काहीही.

तर चष्मिष्टाला एक रुमाल लिहून दिला. त्यानं तो मांडला, आणि खोटं कशाला बोलू, सुरेख मांडला. मग त्या भल्या मोठ्या कागदाभोवती सगळे जमले. ओळ वर घ्या. नको, खाली घ्या. बगळ्याच्या पायाला श्वास घ्यायला जागा ठेवा. (पायाला श्वास! पण सगळ्यांनी मान हलवली.) साहेबांनी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "भारदस्त वाटतंय." बघितलं सगळ्यांनी, वन्सं. वाचलं कुणीच नाही. तुमचा धंदाच तसला. तुम्हा लोकांना अक्षर दिसतं, शब्द दिसत नाही.

उद्घाटनाची तारीख आली तरी खरा मजकूर मंजुरीतच. पत्रा कापणाऱ्याकडे जो कागद गेला तो त्यानं कापला. त्याचा काय दोष? कागदावर शिक्का होता, सही होती.

आणि मग पडदा ओढला. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विझल्या, कारण लोक वाचायला लागले. तुम्हाला फोटोत नीट लागलं नसेल म्हणून जसंच्या तसं लिहिते:

'इथे मजकूर यायचा आहे. तो येईपर्यंत मी लिहिते. ह्यांचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत, त्यांना करू द्या. पण बगळा ह्यांनी काढलेला नाही. बगळा निघाला तेव्हा हे दाढदुखीनं आडवे होते. ज्या बाईनं काढला तिचा चहा शेजारी गार झाला आणि तिनं तो तसाच प्यायला. भरली का जागा? नसेल तर सांगा, आणखी लिहिते.'

माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई हळूच म्हणाल्या, "अगंबाई, काय साधं लिहिलंय!" साहेबांच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? चष्मिष्ट साहेबांवर ढकलतो, साहेब कापणाऱ्यावर, कापणारा कागदावर. सगळे कसे जवळच्या जवळ ढकलतात. आणि तुम्ही इतक्या लांबून नेम धरला तो माझ्यावर.

तुमची,
बिचारी वहिनी

१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. मागे काही लिहिलंय का म्हणून दोनदा उलटून बघितलं. पाकिटात हात घालून बघितला. नाही. एवढंच: 'दुसऱ्या ओळीत बगळा या शब्दात ग आणि ळा यांच्यामध्ये जागा जास्त सुटली आहे.'

अहो! माणूस आहात की फूटपट्टी? कशी आहेस नाही, गुडघे दुखतात का नाही, घरात एकटी काय करतेस नाही. ग आणि ळा!

तरी गेले मी स्टँडवर. भर उन्हात. चष्मिष्टाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "काकू, मी स्वतः बघितलंय, जागा बरोबर आहे." मी म्हटलं, "लाव पट्टी." शिडी आणली, पट्टी लावली, पुन्हा एकदा लावली. खाली उतरून विचारतो कसा, "फोटोवरून ओळखलं? कोण आहेत या?"

"माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. चहा गार करून पिते."

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं चष्मा काढला आणि भिंतीकडे बघत बसला. चष्म्याशिवाय त्याला काय दिसलं देव जाणे.

आता इथली मजा ऐका, म्हणजे मजा तुम्हाला, ताप मला. भिंतीवरचं उतरवणार असं लोकांना कळलं आणि लोक बघायला यायला लागले. बगळ्याखाली एका पायावर उभं राहून फोटो काढतात. परवा एक आजोबा पडता पडता वाचले. कंडक्टरांना तर नवीन खेळणंच मिळालंय. बस सुटायच्या आधी दारात उभं राहून ओरडतात, "भरली का जागा? नसेल तर सांगा!" आणि आतून सगळी बस ओरडते, "आणखी लिहिते!" मी मागच्या सीटवर तोंड लपवून बसले होते. लपवलं कारण हसू येत होतं.

आणि ताप कुठला? तर सगळ्यांची खात्री पटलीय की ती बाई म्हणजे मीच. दूधवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतात, वरच्या मजल्यावरची ती, जी माझ्याशी जिन्याच्या दिव्यावरून भांडते, तीसुद्धा म्हणते, "कळलं हो आम्हाला! नवऱ्याचं नाव मोठं केलंत, स्वतः मागे राहिलात." मी म्हणते, अहो मी नाही, मला सरळ रेघ ओढता येत नाही. तर ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "अजूनही लपवताय!" मी जितकं नाही म्हणावं तितकी मी मोठी होत चाललेय. अशानं एक दिवस माझाच पुतळा बसवतील आणि त्याच्या पायालाही श्वास घ्यायला जागा ठेवतील.

तर आता कामाचं. साहेबांनी समिती नेमलीय. बारा मार्चला बैठक आहे. ज्या बाईनं बगळा काढला ती स्वतः येऊन 'बगळा मी काढला' म्हणाली, तर भिंत आहे तशी राहील आणि खाली तिचं नाव लागेल. कुणी आलं नाही, तर अक्षरं उपटणार आणि तिथे जनक लावणार.

एवढंच आहे, वन्सं. बसमध्ये बसायचं, उतरायचं, तीन शब्द बोलायचे. तुम्ही तशाही कधी तिनाच्या वर बोलत नाही.

गेस्टरूम नाही आपल्याकडे, स्टुडिओतच झोपावं लागेल. तुमचं टेबल हलवलेलं नाही. त्यावर मी कपड्यांना इस्त्री करते, तेवढं चालवून घ्या.

वहिनी

३ मार्च

वन्सं,

आज साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं काहीतरी वाईट आहे. मग त्यांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. मोठ्यानं, चवीचवीनं. 'बगळा माझ्या बंधूंनीच काढला. माझा त्याच्याशी संबंध नाही. भिंतीवरील मजकूर हा माझ्या वहिनींचा विनोदी स्वभाव आहे.'

विनोदी स्वभाव! आणि समास एकसारखे!

मी उठले. बाहेर येऊन जिन्यात बसले. इतकी चिडले होते की कुठल्या बसमध्ये चढले तेही बघितलं नाही, भलतीकडेच गेले. येताना पुन्हा तिकीट काढलं, त्याच्यावरही तुमचाच बगळा. घरी आले तर दारात तुमचं दुसरं पत्र, मला लिहिलेलं. 'दादा गेला. मेलेल्या माणसाला खोटं पाडू नकोस.'

बरं. आता माझंही ऐका. चिडवत नाही, नीट सांगते.

त्या दिवशी मी तिथेच होते. हे गालाखाली उशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेले. दुसऱ्या दिवशी बसवाल्यांना चिन्ह द्यायचं, कागद कोरा. ब्रश ह्यांनी धुतला नव्हता, वाळून काठी झालेला. तुम्ही काय काय बोललात ते लिहीत नाही, पोस्टमन वाचेल. मग फोटोपेपर ज्यात गुंडाळून यायचा तो काळा कागद घेतलात आणि माझ्या नखं कापायच्या कात्रीनं कापायला लागलात. मी विचारलं, बससाठी बगळा कशाला? तुम्ही म्हणालात, "वहिनी, बसची वाट बघणारा माणूस दिसतो कसा?" आणि उठून एका पायावर उभ्या राहिलात, मान खांद्यात ओढून, इतकं दीनवाणं तोंड करून, एका हातात कागद, एका हातात कात्री. मी अशी हसले की तुम्हालाही हसू फुटलं आणि कात्री सटकली. ती खाच तिथली. नंतर बसवाल्यांनी छापलं की बगळा म्हणजे शुभ्रता, संयम आणि प्रवासाची ओढ. आपण दोघींनी ते वाचून तोंडात पदर कोंबला होता.

मग बगळ्याला बक्षीस मिळालं. स्टेजवर ह्यांना विचारलं, बगळा सुचला कुठे? तुम्ही पुढे सरकून बसलात. मी तुमच्या शेजारीच होते, तुमचा हात माझ्या हातात होता. हे म्हणाले, "नदीकाठी." अहो, ह्यांना बादलीतल्या पाण्याची भीती! तुम्ही हात सोडवून घेतलात, घरी आलात, बॅग भरलीत. मी दारात आडवी उभी राहिले तर मला बाजूला केलंत. हळूच केलंत, पण केलंत.

का गप्प बसले, मी पुष्कळ विचारलं. पहिल्या दिवशी लाजले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता कसं सांगू. मग तो 'आता कसं' इतका जुना झाला की त्याला हात लावायची त्यांना भीती वाटायला लागली. वाईट नव्हते हो. भित्रे होते. तुम्हाला माहीतच आहे, पाल निघाली तर तुम्ही मारायचात.

पण खोटं पाडू नकोस हे तुम्ही कुणाला सांगता? तुम्ही गेल्यापासून मी प्रत्येक रुमालात एकच वाक्य लिहीत होते. शेळीपालनाचं पुस्तक असो, भूमितीचं असो, औषधाच्या खोक्यावरची माहिती असो. मधे कुठेतरी: बगळा ह्यांनी काढलेला नाही. आणि हे ते मांडायचे. सगळं मांडायचे. ग आणि ळा मधली जागासुद्धा भिंग लावून नीट करायचे! खरा मजकूर आला की उचलायचे. एकदाही म्हणाले नाहीत, हे काय लिहिलंस. आणि एकदाही रुमाल दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला नाही. लिहून घेता आला असता, वन्सं. पुढे पुढे तर कॉम्प्युटरमध्ये तसला जागा भरायचा मजकूर आपोआप यायचा. तरी कागद पुढे करायचे, "जरा लिहून दे गं." मी लिहायची. मग दोघं जेवायला बसायचो. रोज खोटे पडत होते ते, जिवंतपणी, स्वतःच्या हातानं मांडून. मेल्यावर मी नवीन काय केलं?

आणि आता विषय निघालाच आहे तर, सही माझी होती. पहिल्या पत्रात लिहायचं राहून गेलं. कुटुंबाची संमती लागते म्हणून तो मोठा कागद माझ्याकडे आला. तो वाचणारी मी एकटीच. चष्मा पुसून वाचला. चष्मिष्ट म्हणाला, "ठीक आहे ना काकू?" मी म्हटलं, "एकदम ठीक," आणि सही ठोकली. इतके रुमाल टाकले आयुष्यभर, सगळे उचलले गेले. म्हटलं, एक तरी राहू दे जागेवर.

तेव्हा आता उठा. साहेबांना लिहिलेलं मागे घ्या, आणि या.

वहिनी

९ मार्च

वन्सं,

पत्र नाही, कार्ड नाही. फोन केला तर तीच बाई सांगते, उत्तर मिळत नाही. ते मला तिच्या आधीपासून माहीत आहे.

तुमच्यासाठी स्टुडिओ झाडला. टेबलावरची इस्त्री हलवली. गादीला ऊन दाखवलं, उशीचा अभ्रा बदलला. येणार नसाल तर तसं लिहा, म्हणजे अभ्रा तरी मळणार नाही. रुसायचं तर रुसा, पण किती? मी रुसले तर संध्याकाळपर्यंत कशावरून रुसले ते विसरते आणि मग कुणाला तरी विचारावं लागतं. पूर्वी तुम्हालाच विचारायची.

तुम्ही तिकडे परक्यांच्या पुस्तकांना सुंदर सुंदर कव्हरं करता, मी दुकानात बघते. एक आणलंसुद्धा. आत काय आहे मला कळलं नाही, कव्हर उभं करून ठेवलंय कपाटावर. मागे बारीक अक्षरात तुमचं नाव आहे. इतकं बारीक की भिंग आणावं लागलं. तिथे कसं चालतं नाव? मग इथे काय बिघडतं?

बैठक बाराला, अकरा वाजता. तुम्ही बोलू नका हवं तर, नुसत्या येऊन उभ्या राहा. दोन्ही पायांवर.

वहिनी

१३ मार्च

वन्सं,

बैठक झाली. तुम्ही आला नाहीत. दोन बस येऊन गेल्या तोवर मी स्टँडवरच थांबले होते, उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत. एकीनं विचारलंही, "काय हो, ओळखता का मला?" मग वर गेले.

साहेब मधे, एका बाजूला कलेचे प्राध्यापक, दाढीवाले, एका बाजूला चष्मिष्ट. मागे कंडक्टर, ड्रायव्हर आणि बस चुकलेले प्रवासी, खोली भरलेली. साहेबांनी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. मग एक कागद काढला. खरा मजकूर. मंजुरी मिळाली, वन्सं, अखेर मिळाली! त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की मलाच भरून आलं. वाचून दाखवला. त्यात 'जनक' होतं, 'तपस्वी' होतं, 'कुंचल्याचे धनी' होतं. तो कुंचला धुवायला लावायला मी किती घसा फोडलाय ते नव्हतं.

साहेब म्हणाले, "तर ही अक्षरं उतरवण्यास हरकत नसावी."

मागून एक कंडक्टर ओरडला, "मग ती बाई कोण?"

"अशी कुणी बाई नाही. पत्र वाचलं ना आत्ता."

"चहा कुणाचा गार झाला मग?"

सगळे हसले. साहेब नाही हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही वडीलधाऱ्या आहात, म्हणून शेवटचं विचारतो. तुम्ही काही थट्टा केली असेल तर तसं सांगा, आम्ही समजून घेऊ. अशी कुणी बाई आहे का?"

मी दाराकडे बघितलं. दार गच्च भरलेलं होतं, पण त्यात तुम्ही नव्हतात. चष्मिष्ट माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं मी तुमचं नाव घेणार. घेऊन काय उपयोग? तुम्हीच लिहून दिलेलं, संबंध नाही म्हणून.

मी म्हटलं, "आहे की. मी."

खोलीत असा गलका झाला! साहेब म्हणाले, "तुम्ही? पण तुम्ही तर नाही नाही म्हणत होतात." मी म्हटलं, "लाजत होते." दाढीवाले पुढे वाकले. "ताई, एखादी रेषा काढून दाखवाल?" कागद दिला, पेन दिलं. काढलं. बगळा काढायला गेले आणि बदक निघालं, तेही बसलेलं. मी मनात म्हटलं, संपलं. दाढीवाल्यांनी तो कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "हात थरथरतो आता, वयोमान आहे. पण लय तीच." सगळ्यांनी बघितलं आणि सगळे हो म्हणाले. एकानंही विचारलं नाही की याच्या पायांचं काय झालं.

भिंत राहणार, वन्सं. खाली नाव लागणार. माझं. पत्रा कापायला गेलाय.

जिन्यात चष्मिष्टानं मला गाठलं. "काकू, तुम्ही खोटं बोललात."

"तू ग आणि ळा मधली जागा नीट केलीस का?"

"केली. पण तुम्ही खोटं बोललात."

"माझ्या नणंदेला कळव मग. तिचा पत्ता देते. तुझा फोन उचलला तर मला सांग."

आता तुमचं डोकं फिरलं असेल. फिरू दे. त्यासाठीच तर केलं. म्हटलं, ह्यांनी श्रेय घेतलं तेव्हा तुम्ही बॅग भरून गेलात, मी घेतलं तर बॅग भरून याल. याल, दार वाजवाल, मला काय काय बोलाल, मग हाताला धरून स्टँडवर न्याल आणि चार लोकांत सांगाल, ही बाई खोटारडी आहे, बगळा माझा आहे. मला तेवढंच ऐकायचंय तुमच्या तोंडून. कंडक्टर लोक साक्षीला आहेतच. मी मान खाली घालून हो म्हणेन आणि आपण घरी येऊन चहा पिऊ, गरम.

असं सगळं ठरवून केलं होतं, हे खरं आहे. आणि हे पत्र मी इथेच संपवणार होते. कागद घडी करून पाकिटात घातलाही होता. परत काढला.

टाळ्या वाजल्या तेव्हाचं सांगायचं राहिलं. मागचे कंडक्टर उभे राहिले, मग सगळी खोली उभी राहिली. ती वरच्या मजल्यावरची रडत होती. किती वेळ वाजत होत्या. माझ्यासाठी आयुष्यात कुणी टाळी वाजवली नव्हती, डासांसाठी सोडून. मग थांबल्या. साहेब म्हणाले, "आपल्याला आणखी काही सांगायचंय का?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं की मी नाही, माझी नणंद, तुम्ही तिला आणायला माणूस पाठवा. चष्मिष्टानं दुजोरा दिला असता.

मी म्हटलं, "नाही, काही नाही," आणि खाली बसले.

ते चेष्टेनं म्हटलं नव्हतं, वन्सं. टाळ्या मला आवडल्या होत्या.